सड्यावरचे जोडे

पादत्राणांविषयी गंभीरपणे लिहिण्याची पाळी आमच्यावर येईल, असे पन्नाशी उलटेपर्यंत आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते. ज्या देशात एका राज्याचा कारभार चौदा वर्षे पादुकांच्या नावाने चालला, त्याच देशात वहाण ही उंबरठ्याबाहेर ठेवावयाची वस्तू. देवळात शिरताना ती चोरीस जाईल म्हणून तिची चिंता वाहावयाची आणि एरवी तिला विसरून जावयाचे, एवढाच काय तो आमचा आणि तिचा संबंध. लहानपणी शाळेच्या कवायतीकरिता कापडी बुटांचा एक जोड वर्षातून एकदा मिळे. तो शुक्रवारी रात्री खडू फासून पांढरा करावयाचा आणि शनिवारची कवायत आटोपली की काढून ठेवावयाचा, असा शिरस्ता होता. बाकीचे सारे दिवस रत्नागिरीच्या तांबड्या मातीशी आमच्या तळव्यांचा थेट व्यवहार चाले. पुढे महाविद्यालयात शिकवू लागल्यावर कातडी बूट आले, आणि तळवा व जमीन यांची तेव्हा जी ताटातूट झाली ती तीस वर्षे टिकली.

ती संपविण्यास कारण झाले आमचे डॉक्टर. रक्तातील साखरेचा आकडा पाहून त्यांनी रोज चालावयास सांगितले. चालता चालता आम्ही कधी धावू लागलो, ते नीटसे आठवत नाही. परंतु इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक बावन्नाव्या वर्षी अर्ध्या विजारीत घाम गाळीत रस्त्याने चालला आहे, आणि रिक्षाथांब्यावरचे त्याचे माजी विद्यार्थी अदबीने उठून ‘नमस्कार सर’ म्हणत आहेत, हा देखावा आम्हांस लवकरच असह्य झाला. म्हणून रस्ता सोडून आम्ही सड्याचा आश्रय घेतला. आमच्या सहकाऱ्यांनी ज्यास निसर्गप्रेम समजून आमची वाखाणणी केली, ती वस्तुतः लाज होती.

बूट घ्यावयास गेलो तेव्हा दुकानातील पोराने विचारले, ‘‘सर, रोड की ट्रेल?’’ या प्रश्नात काही तथ्य असेल असे आमच्या ध्यानीही आले नाही. बूट तो बूट. त्याने पाय झाकावा, एवढी आमची अपेक्षा. तेव्हा त्याच्या दुकानातील जो जोड सर्वांत महाग होता, तो आम्ही घेऊन आलो. किंमत हीच गुणाची खूण, हा आम्हां मध्यमवर्गीयांचा फार आवडता समज आहे. आणि तो खोटा ठरण्यास नेहमी एखादे हाड मोडावे लागते.

रत्नागिरीकरांस सडा म्हणजे काय ते सांगणे नलगे. परंतु घाटावरच्या वाचकांकरिता थोडे सांगतो. समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या पट्ट्यात डोंगरांचे माथे सपाट कापल्यासारखे दिसतात. ते जांभ्या दगडाचे पठार म्हणजे सडा. युगानुयुगांच्या पावसाने मूळच्या खडकातील सिलिका धुऊन गेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिले, आणि त्यांचा हा तांबडा, सच्छिद्र कातळ झाला. फ्रान्सिस बुकानन नावाच्या शल्यवैद्याने मलबारात फिरताना लोक हा दगड खाणीतून मऊ असता कापून घेतात आणि उघड्यावर तो विटेसारखा टणक होतो, हे पाहिले. आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात विटेच्या लॅटिन नावावरून त्याचे ‘लॅटेराइट’ असे नामकरण केले. आम्ही त्यास चिरा म्हणतो, आणि त्याच्या भिंतींत राहतो.

आता हा कातळ पायाखाली कसा लागतो ते पाहा. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत तो कोरडा ठणठणीत असतो आणि कानशीसारखा खरखरीत. त्यावर कोणतेही रबर चिकटून बसते. घसरण्याचे भय नाही. भय आहे ते भोकांच्या धारदार कडांचे. मऊ तळाच्या बुटातून त्या कडा तळव्यास टोचतात, आणि ठेचाळलात तर अंगठ्याचे नख जाते. मृगाच्या सरी पडल्या की पंधरवड्यात हेच पठार निराळे होते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस ज्या जिल्ह्यावर कोसळतो, तेथील कातळावर शेवाळाचा एक काळपट, डोळ्यांस न दिसणारा पापुद्रा धरतो. भाद्रपदात त्याच कातळावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरतो आणि डबक्यांच्या कडेने गेंदाची पांढरी बोंडे डोलू लागतात, तेव्हा तेथे धावणे ही आम्हांस पाऊल कोठे टाकू नये याची शिकवणीच वाटते. आणि काही सड्यांवर, उक्षी, जांभरुण, कशेळी या गावांच्या माथ्यांवर, तर कोणे एके काळच्या माणसांनी कातळात कोरलेले हत्ती, मासे आणि माणसे आहेत. जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२२ साली त्यांचा समावेश झाला. अशा रेषांवरून दात्यांचे बूट घालून धावणाऱ्यास काय म्हणावे, ते आम्ही सांगत नाही.

परंतु सडा हा एकच प्रकार असता तर बुटाचा प्रश्न सोपा होता. येथे तासाभराच्या फेरीत चार भूमी बदलतात. सडा संपला की वाडीत उतरणारी पाखाडी लागते. जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्या, दोन्ही अंगांस गडगा, वर आंब्या-फणसांची गर्द सावली, म्हणजे पायऱ्यांवर ऊन असे कधी पडावयाचेच नाही. पाखाडीच्या तळाशी पऱ्या, त्यावर साकव असला तर असला. पुढे भाताच्या खाचरांचे बांध, ज्यांवरून चालताना घोट्यापर्यंतचा चिखल बूट ओढून घेतो. आणि अखेर भाट्याच्या सुरूबनाखालची वाळू. जो जोड चिखलात उत्तम, तो कातळावर भिकार. जो कातळावर उत्तम, तो वाळूत जड. तेव्हा ‘उत्तम बूट कोणता?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या महिन्यात, हे त्याच्याबरोबर सांगितले पाहिजे. दुकानातल्या पोरास हे कळत होते. आम्हांस कळावयास श्रावणाचा पहिला आठवडा यावा लागला.

त्या दिवशी आम्ही पाखाडी उतरत होतो, पायात तो महागडा, डांबरी रस्त्याकरिता घडलेला, गुळगुळीत तळाचा जोड. तिसऱ्या पायरीवर पाय गेला तो गेलाच. पुढच्या सहा पायऱ्या आम्ही पाठीवर उतरलो आणि सातवीवर डावा हात टेकला. मनगटाचे हाड मोडले; सहा आठवडे प्लास्टर. सौभाग्यवतींनी त्या पांढऱ्या गाठोड्याकडे पाहून एवढेच विचारले, ‘‘चालण्यात काय वाईट होते हो?’’

या सहा आठवड्यांत एका हाताने पाने उलटीत आम्ही बुटांचा अभ्यास केला. प्राध्यापकास दुसरे करता तरी काय येते? आणि ध्यानी आले ते असे की, खडबडीत रबरी तळ ज्याला आज आपण सहज म्हणून पाहतो, तो माणसांच्या मरणातून निघाला आहे. मिलानचा एक गिर्यारोहक, व्हिताले ब्रामानी, १९३५ साली पुंता रासिका या शिखरावर आपल्या मंडळींसह गेला असता वादळ आले. त्या काळचे आरोही वाटचालीस जड खिळ्यांचे बूट आणि खडकावर हलके, कापडी वा दोरी तळाचे जोडे वापरीत. थंडीत आणि बर्फात त्या हलक्या जोड्यांचा काही उपयोग झाला नाही. सहा जण गेले. ब्रामानी परतला तो एकच ध्यास घेऊन की, खडक आणि बर्फ दोन्ही धरील असा तळ हवा. मोटारीच्या टायरांचे रबर ज्यांना ठाऊक, त्या पिरेल्लींच्या साह्याने १९३७ साली त्याने दात्यांचा रबरी तळ सिद्ध केला. त्याच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास व्हिब्राम म्हणतात. १९५४ साली इटालियनांनी के-टू शिखर प्रथम सर केले ते हेच तळ घालून. दुसरी कथा अमेरिकेतली, आणि सुदैवाने विनोदी. ओरेगॉनमधील धावण्याचे शिक्षक बिल बॉवरमन यांनी १९७१ च्या सुमारास न्याहारीच्या वेळी घरचा वॉफल भाजण्याचा साचा पाहिला, त्या चौकोनांत बुटाचा तळ दिसला, आणि त्यांनी साच्यात रसायन ओतले. साचा जो मिटला तो पुन्हा उघडला नाही. त्यांच्या पत्नी काय बोलल्या असतील याची आम्हांस चांगली कल्पना आहे.

या अभ्यासातून आणि पुढच्या तीन पावसाळ्यांतून आमची जी मते बनली, ती आग्रहाने सांगतो. कोणास पटली नाहीत तर त्याचे मनगट त्याच्यापाशी. तळाचे दाते तीन-चार मिलिमीटरांचे असले म्हणजे सडा आणि पायवाट यांना पुरे. पाच-सहांच्या वर दाते हवेत ते फक्त चिखलाला, आणि ते दोन दात्यांत भरपूर अंतर ठेवून, नाहीतर चिखल मध्ये भरून तळ सपाट होतो आणि आपण दोन विटा बांधून धावतो. ओल्या दगडास धरते ते मऊ रबर. परंतु जे मऊ ते लवकर झिजते, आणि जांभा हा तर रबराचा वैरी. पकड आणि आयुष्य या दोन्ही गोष्टी एका जोडात मागणाऱ्याने विवाहसंस्थेवर निबंध लिहावा, बूट घेऊ नयेत. शेवाळावर मात्र सर्व रबरे सारखीच असहाय असतात, कारण तेथे रबर दगडास टेकतच नाही. दोहोंमध्ये तो बुळबुळीत पापुद्रा असतो. तेथे एकच उपाय, चालणे; तेही पायरीच्या कडेने, जेथे पाण्याने शेवाळ धुतले जाते.

पाणी आत येऊ न देणाऱ्या कापडाचे बूट विक्रेते फार गौरवाने दाखवितात. कोरड्या, थंड देशांत ते असतील उपयोगी. कोंकणातला पाऊस बुटाच्या तोंडातून आत येतो, आणि पऱ्या तर घोट्याच्याही वर असतो. मग जे कापड पाणी आत येऊ देत नव्हते, तेच ते बाहेरही जाऊ देत नाही. धावणारा दोन लहान टाक्या पायांस बांधून घरी येतो. आम्हांस जाळीचे कापड बरे वाटते. चार पावलांत पाणी निथळते. तळ फार उंच असू नये. उंचवट्यावर घोटा लवकर मुरगळतो. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, कारण उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखे काळी पडतात. आणि बूट घ्यावयाचे ते संध्याकाळी. दिवसभरात पाय किंचित फुगलेला असतो, सकाळी बेतशीर बसणारा जोड संध्याकाळी जाचतो.

‘अनवाणी काय वाईट?’ असे विचारणारे एक सद्गृहस्थ आम्हांस नेहमी भेटतात. ते स्वतः मोटारीतून उतरत नाहीत. सड्यावरच्या सुट्या चिऱ्यांखाली फुरसे असते. हातभर लांबीचे, मातीच्या रंगाचे, आणि रत्नागिरी जिल्ह्यास फार जुने ओळखीचे. विंचू तर आहेतच. लाल विंचवाच्या दंशाने कोंकणात माणसे पटापट दगावत, ती महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी प्राझोसिन या औषधाने वाचविली आणि १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिले, हे मराठी माणसास अभिमानाने आठवावेसे वाटते. पावसात खाचरांच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या लहानशा चिरेतून शरीरात शिरतात. तेव्हा अनवाणी पाय हे काव्य ज्यांस वाटते, त्यांनी ते आपल्या पायांनी वाचून पाहावे.

इतके सगळे कळलेले असताना आम्ही जी चूक केली, ती सांगण्याकरिता खरे तर हा लेख लिहावयास घेतला आहे. बुटांचे दाते मोजण्यात आम्ही इतका वेळ काढला तो ती पुढे ढकलण्याकरिता.

आमच्या महाविद्यालयात तृतीय वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. सड्याच्या पलीकडील धनगरवाड्यातली. रोज पहाटे पाऊण तास डोंगर उतरून ती एस. टी. गाठी. वर्गात ती मागच्या बाकावर बसे आणि तोंडातून शब्द काढीत नसे. क्रीडामहोत्सवाच्या दिवशी लांब पल्ल्याच्या शर्यतीत ती चपला गडग्यापाशी काढून ठेवून धावली, आणि दुसरी मुलगी येण्यापूर्वी चपला घालून, पाणी पिऊन, झाडाखाली बसली. जिमखाना समितीचे अध्यक्षपद आमच्याकडे होते. आम्ही तिचे नाव आंतरमहाविद्यालयीन क्रॉस-कंट्री शर्यतीकरिता पाठविले. तेथे पहिल्या सहांत येणाऱ्या मुलींतून विद्यापीठाचा संघ निवडला जावयाचा होता.

आता आम्ही वाचनाचे माणूस. त्या दिवसांत आमच्या डोक्यात फडेप्पा दारेप्पा चौगुले घोळत होते. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत सर दोराबजी टाटांनी खेड्यांतील शेतकरी पोरे अनवाणी धावताना पाहिली, त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाते हे त्यांच्या ध्यानी आले, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिककरिता हिंदुस्थानातून खेळाडू पाठविण्याची खटपट त्यांनी केली. बेळगावकडचे चौगुले त्या ऑलिंपिकात मॅरेथॉन धावले आणि दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंदांत एकोणिसावे आले. शंभर वर्षांपूर्वीचा हा सारा प्रसंग आम्हांस असा भुलवून गेला की, त्यातले दोराबजी आपण आहो असे आम्हांस वाटू लागले. शिक्षकाच्या धंद्यात हा रोग फार.

शिक्षकांच्या खोलीत वर्गणी जमली. शिपायाकरवी तिच्या चपलेचा आकडा विचारून आणविला. आम्ही आमच्या साऱ्या विद्येनिशी जोड निवडला: दाते बेताचे, रबर मऊ, जाळीचे कापड, तळात दगड टोचू नये म्हणून पातळ पत्रीसारखी पट्टी, आणि टाचेखाली चांगली जाड गादी, कारण पोरीच्या गुडघ्यांची आम्हांस काळजी. शर्यतीपूर्वी बारा दिवस छोटासा समारंभ करून तो तिला दिला. छायाचित्र निघाले. तिला हे बूट हवे आहेत काय, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. आम्ही तर नाहीच नाही. तिने दोन्ही हातांनी खोके घेतले आणि वाकून नमस्कार केला.

शर्यत जिल्ह्याबाहेर होती. नांगरलेली शेते, एक ओढा, आणि टेकडीचा चढ-उतार. पहिल्या फेरीस ती तिसरी होती. दुसऱ्या फेरीस सातवी. उतारावर ती दोनदा लटपटताना आम्ही पाहिले. एरवी डोंगरावरून शेळीसारखी उतरणारी पोर प्रत्येक पावलापूर्वी जमिनीकडे पाहत होती. ती दहावी आली. बूट काढले तेव्हा टाचेकडील मोज्यास रक्त लागले होते. आम्ही काहीतरी समजुतीचे बोलू लागलो, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, ‘‘सर, पायांना जमीन कळत नव्हती.’’

हे वाक्य आम्ही परतीच्या गाडीत चार तास ऐकत होतो. पुढे वाचले की, हार्वर्डचे डॅनियल लीबरमन यांनी २०१० साली ‘नेचर’ पत्रात केनियातील धावणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. जन्माची सवय असलेले अनवाणी धावणारे बहुधा चवडा आधी टेकतात, आणि जाड टाचेचा बूट घालणारे टाच आधी. म्हणजे जी मुलगी वीस वर्षे चवड्यावर धावली, तिच्या टाचेखाली आम्ही गादी घातली आणि बारा दिवसांत नवे पाऊल शिकावयास सांगितले. आम्ही दगड टोचू नये म्हणून पट्टी बघितली. पण त्या टोचण्यातूनच तिचा पाय पुढचे पाऊल ठरवीत होता. चपलेचा आकडा मागविला, पण अनवाणी चाललेल्या पायाचा पंजा पुढे पसरट असतो, ही साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. बुटात काही दोष नव्हता. तो आमच्या पायास अगदी योग्य झाला असता.

तिचे ते शेवटचे वर्ष होते. पुन्हा धावावयास दुसरी संधी नव्हती. विद्यापीठाच्या संघात नाव लागते तर पुढे नोकरीच्या अर्जात त्याचे मोल झाले असते, हेही आम्हांस ठाऊक होते. गाडी थांबली तेव्हा आम्ही म्हणालो, ‘‘चूक आमची झाली.’’ ती पटकन म्हणाली, ‘‘नाही सर, बूट चांगले आहेत.’’ तिने रागावून काही म्हटले असते, तर आम्हांस सुखाचे झाले असते.

अबेबे बिकिलाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. १९६० साली रोमच्या फरसबंदीवर अनवाणी धावून त्याने मॅरेथॉन जिंकली. पण १९६४ साली टोकियोत तोच बूट घालून धावला आणि पहिल्याहून तीन मिनिटे लवकर आला, ही अर्धी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. २०१४ साली बारामतीत लता भगवान करे या साठी उलटलेल्या बाई नऊवारी लुगड्यात अनवाणी धावून शर्यत जिंकल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या उघड्या पायांचे केवढे कौतुक केले! त्या नवऱ्याच्या औषधपाण्याला पैसे हवेत म्हणून धावल्या होत्या. उघड्या पायांकडे पाहण्याचे आम्हां बूटवाल्यांचे दोनच प्रकार आहेत, असे आम्हांस तेव्हापासून वाटू लागले आहे. एक तर त्यांची आरती ओवाळणे, नाहीतर त्यांत ताबडतोब बूट घालणे. पायांच्या धनिणीस दोन्ही वेळा विचारावयाचे राहून जाते.

मुलगी पदवी घेऊन गेली. आंब्याच्या हंगामात ती कॅनिंगच्या कारखान्यात कामास लागल्याचे कोणाकडून तरी कळले. मध्यंतरी एक वर्ष गेले. मग एके सकाळी चंपक मैदानाच्या बाजूने आम्ही आमच्या संथ गतीने चाललो असता मागून पावलांचा आवाज आला, आणि ती आमच्या बरोबरीस येऊन वेग कमी करून धावू लागली. पोलीस भरतीची तयारी चालली होती. आठशे मीटरांकरिता सराव. पायात आम्हीच दिलेले ते बूट होते, पण टाचेकडची गादी तिने सुरीने तासून निम्मी केली होती, आणि पुढच्या बाजूस करंगळीपाशी कापडास चीर दिली होती. आमची नजर तिकडे गेलेली पाहून ती ओशाळली.

‘‘फार झिजले सर आता. नवे घ्यायचे आहेत. येता का बरोबर?’’

आम्ही गेलो. संध्याकाळची वेळ तिनेच ठरविली होती. दुकानातल्या पोराने सवयीने आमच्याकडे वळून विचारले, ‘‘रोड की ट्रेल, सर?’’ आम्ही तिच्याकडे बोट दाखविले. तिने सांगितले की, सकाळी सडा, आठवड्यातून तीनदा मैदान, आणि पावसात पाखाडी आहेच; तळ पातळ हवा, पुढून रुंद हवा. पोराने खोकी काढली. एकेक बूट घेऊन तिने तो दोन्ही हातांनी दुमडून पाहिला, तळावर अंगठा दाबला, पायात घालून चवड्यावर दोन उड्या मारल्या, आणि बाजूस ठेवला. चौथा जोड आम्हांस मनातून पसंत होता. आम्ही काही बोललो नाही. तिने तो सर्वांत आधी परत केला. सातवा घेऊन ती दुकानाच्या पायरीखालच्या खडीवर जाऊन येऊ म्हणाली. पोर म्हणाले, ‘‘ताई, तळ खराब झाला तर घ्यावा लागेल.’’ ती म्हणाली, ‘‘घेतेच आहे.’’ खडीवर चार पावले इकडे, चार तिकडे, मग डोळे मिटून पुन्हा चार.

जोड दुकानातल्या स्वस्त जोडांपैकी होता. पैसे देण्यास आम्ही पाकीट काढले, तेव्हा तिने कारखान्याच्या पगाराच्या नोटा आधीच गल्ल्यावर ठेवल्या होत्या.

‘‘राहू द्या सर,’’ ती जुने बूट काढीत म्हणाली, ‘‘तुम्ही जरा ही पिशवी धरा.’’

आम्ही पिशवी धरली.